गुरूवरचा पुसलेला डाग

चौतीस वर्षं तिने लोकांचे चेहरे सुधारले आणि त्यांतल्या बहुतेकांना ती कधी भेटलीही नाही. गिऱ्हाईक स्टुडिओच्या पुढच्या खोलीत, ती मागच्या खोलीत, मधे काळा पडदा. पडद्याच्या पुढे फोटोग्राफर "जरा हसा" म्हणायचा आणि पडद्याच्या मागे ही त्या हसण्यातल्या सुरकुत्या घालवायची.

या कामाला रिटचिंग म्हणतात. आज कोणाला खरं वाटायचं नाही, पण तेव्हा ते सगळं पेन्सिलीने चालायचं. उजेडाच्या तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं, शिसं सुईसारखं टोकदार करायचं आणि मुरुमाच्या जागी बारीक बारीक रेघा भरत जायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे उजळ दिसतो. तो शिशाने भरला की छापलेल्या फोटोत गाल कसा लोण्यासारखा. तिचा हात इतका हलका की मालक छाती ठोकून सांगायचा, आमच्या फोटोत डाग दाखवा आणि दुसरा फोटो फुकट न्या. चौतीस वर्षांत कोणाला फुकट फोटो मिळाला नाही.

स्टुडिओत तिला सगळे पेन्सिलबाई म्हणायचे. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिल गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. स्वभावाने बाई फटकळ. मालकाला तोंडावर सांगायची की तुम्ही माणसांचे फोटो काढत नाही, साबणाच्या वड्यांचे काढता. मालक हसायचा आणि पुढची वीस पाकिटं तिच्या टेबलावर ठेवायचा. तीही पुसायला बसायची, कारण काम ते काम.

एकदाच एक गिऱ्हाईक पडदा सारून आत आलं. एक बाई होती, हातात गेलेल्या नवऱ्याचा मोठा करून घेतलेला फोटो. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली की हे माझे नाहीत, यांच्या भुवईवर व्रण होता. पेन्सिलबाईने जुनी निगेटिव्ह काढली, शिसं खरवडून काढलं आणि व्रण परत आणला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा मुरूम भरायला बसली. काय करणार, बोटांना तेवढंच येत होतं.

मग लोकांच्या खिशातले फोनच आपोआप चेहरे गुळगुळीत करू लागले. स्टुडिओ बंद झाला आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्सिलबाई घरी बसली. घरी नवरा होता. तो बसडेपोत मेकॅनिक होता आणि तोही नुकताच निवृत्त झालेला. दोघं दिवसभर एकमेकांच्या पायात यायची. मुलगी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि रोज फोनवर दोघांची भांडणं सोडवायची.

अशाच एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना तिला वाचनालयाच्या पटांगणात रांग दिसली. आकाशमित्र मंडळाने दुर्बीण लावली होती. पेन्सिलबाई भाजीच्या पिशवीसकट रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर डोळा लावला आणि समोर चंद्र आला. एवढा खराब चेहरा तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. खड्डे, चिरा, व्रण, फोडावर फोड. मागे रांगेतली माणसं मात्र म्हणत होती, काय देखणा दिसतोय. तिला आधी हसू आलं आणि मग रागच आला. याला बरं कोणी म्हणत नाही की जरा पुसून घे. ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, मग पुन्हा, आणि घरी पोचली तेव्हा पिशवीतली पालेभाजी पार मलूल झाली होती.

त्यानंतर तिने काय काय केलं ते सांगत बसलो तर रात्र पुरायची नाही. तिने मंडळात नाव घातलं आणि कोणाची तरी वापरलेली दुर्बीण मिळवली. नवऱ्याने तिला बैठक बनवली: डेपोतल्या भंगारातून आणलेल्या बेअरिंगवर फिरणारी, सायकलच्या चेनने आणि पुसणीच्या छोट्या मोटरने ओढली जाणारी. पुसणी म्हणजे बसच्या काचेवरची. तारे जसे पश्चिमेला सरकतात तशी ही दुर्बीण सरकायची, फक्त मधेच चेन अडखळायची आणि तारा उडी मारायचा. नवरा म्हणायचा की दोष ताऱ्याचा आहे.

पाच मजली इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि टीव्हीच्या तबकड्या यांच्या मधल्या जागेत तिचं बस्तान बसलं. शेजाऱ्यांनी कुजबुज केली की बाई लोकांच्या खिडक्यांत बघते. इमारतीचे सेक्रेटरी विचारायला वर आले. तिने त्यांचं डोकं धरून दुर्बिणीला लावलं आणि विचारलं, ही कोणाची खिडकी आहे सांगा. सेक्रेटरी खाली गेले ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

दुर्बिणीला कॅमेरा लावून ग्रहाचा फोटो काढणं म्हणजे एकदा बटण दाबून मोकळं होणं नव्हे. हवा सारखी हलत असते, म्हणून ग्रह पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. त्याचं दोन-तीन मिनिटं चित्रण करायचं. त्यातून हजारो चित्रं निघतात. ज्या क्षणी हवा शांत होती तेवढी निवडायची आणि कॉम्प्युटरकडून एकावर एक बसवून घ्यायची, तेव्हा कुठे गुरूचे पट्टे उमटतात. तासन् तास डोळ्यात तेल घालून बसायचं काम, आणि त्यात पेन्सिलबाईचा हात धरणारं मंडळात कोणी नव्हतं. तीन वर्षांत तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. मंडळातल्या केमिस्टकडे तिच्या दहापट भारी दुर्बीण होती, आणि तोही तिचे फोटो बघून गप्प व्हायचा.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सर. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टातले, प्रेमळ गृहस्थ. त्यांचं एकच पालुपद होतं, फोटो स्वच्छ पाहिजे. कॅमेऱ्यात धूळ शिरली की फोटोत काळे ठिपके येतात, आणि सरांना त्या ठिपक्यांचा तिटकारा.

आता त्या रविवारची गोष्ट. संध्याकाळपासून हवा अशी स्थिर होती की वर्षातून दोनदा तशी मिळते. आठच्या सुमारास पेन्सिलबाईने गुरूचं चित्रण केलं आणि खाली येऊन कॉम्प्युटरवर बसली. चित्र उमटलं तेव्हा नवऱ्यालाही हाक मारली, इतकं ते सुरेख होतं. पट्ट्यांच्या कडांना पडलेल्या झालरीसुद्धा मोजून घ्याव्यात. फक्त खाली दक्षिणेकडे एक काळा ठिपका होता, तिळाएवढा. पेन्सिलबाईचा हात माउसवर गेला आणि ठिपका गेला. चौतीस वर्षं ज्या हाताने तेच केलं होतं, तो हात डोक्याला विचारायला थांबला नाही. मग कॉम्प्युटरमधली जागा भरत आली म्हणून तिने मूळ चित्रणही काढून टाकलं. ती नेहमीच तसं करायची. फोटो झाल्यावर चित्रणाचा भला मोठा ढिगारा कोण सांभाळत बसतो?

फोटो मंडळात गेला आणि सरांचा स्वतःहून फोन आला. निष्कलंक, म्हणाले, अगदी निष्कलंक. सोमवारच्या बैठकीत ठरलं की येत्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन आहे, त्यात हाच फोटो दाराशी, सगळ्यांत मोठा लागणार. शिवाय सरांनी तो जगभरचे हौशी निरीक्षक जिथे आपले फोटो पाठवतात त्या ग्रहांच्या नोंदवहीत दाखल केला. तारीख आणि वेळ घालून त्यांनी खाली लिहिलं होतं, गुरूच्या वातावरणात काही नवीन नाही. पेन्सिलबाई त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटीच गुणगुणत होती, हे नवऱ्याने नंतर सांगितलं.

चार दिवस ढग होते. शुक्रवारी संध्याकाळी आभाळ निवळलं आणि ती वर गेली. सात वाजून दहा मिनिटांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर गुरू आला आणि गुरूवर ठिपका. तिने तोंडाने च्च केलं, कॅमेरा काढला, रबरी फुगा दाबून धूळ उडवली आणि पुन्हा लावला. ठिपका होता. मग नेहमीप्रमाणे चेन अडखळली, गुरू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे सरकला आणि ठिपका त्याच्याबरोबर गेला. पेन्सिलबाई ताठ झाली. धूळ कॅमेऱ्यात असते, ती जागची हलत नाही. तिने कॅमेरा पाव वळसा फिरवला. गुरू पडद्यावर कलंडला आणि ठिपकाही कलंडला. वीस मिनिटं ती तशीच बघत बसली. गुरू स्वतःभोवती फिरत होता आणि ठिपका हळूहळू कडेला चालला होता. तो गुरूचाच होता.

चंद्राची सावली असेल म्हणून तिने तक्ता उघडला. गुरूच्या एकाही चंद्राची सावली त्या वेळी पडणार नव्हती. म्हणजे गुरूवर काहीतरी आदळलं होतं, धूमकेतूचा तुकडा नाहीतर डोंगराएवढा दगड, आणि त्याचा काळा वळ उठला होता. असं पूर्वी घडल्याचं तिने वाचलं होतं. ती काळोखात एकटीच हसली. आणि मग तिने हिशेब केला. गुरू नऊ तास पंचावन्न मिनिटांत एक फेरा पुरा करतो. बारा फेरे मागे गेलं की रविवार रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं येतात.

तिने पुसला तो ठिपका धूळ नव्हता. खरं तर हे तिला त्याच रात्री कळायला हवं होतं. चेन अडखळते, गुरू सरकतो, हजारो चित्रं गुरूवर गुरू ठेवून बसवली जातात. धूळ असती तर तिचा लांबट फराटा उमटला असता, असा नेमका ठिपका नाही. एवढी साधी गोष्ट, नवीन सभासदांना ती स्वतः शिकवायची.

नवरा चहा घेऊन वर आला तर बायको काळोखात पाण्याच्या टाकीला टेकून उभी. काय झालं ते तिने सांगितलं. तो बराच वेळ चेन उगीचच साफ करत राहिला.

"कोणाला ठाऊक आहे?" त्याने विचारलं.

"मला," ती म्हणाली.

मुलीने फोनवर डोक्याला हात लावला असावा. तिचं म्हणणं असं की आजपासून डाग दिसतोय म्हणून सांग, वाहवा घे आणि मागचं उकरू नकोस. आधीच तू रिटचिंगवाली, एकदा कबूल केलंस की तुझे सगळे फोटो लोक संशयाने बघतील, तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. मुलीचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच पेन्सिलबाईने फोन जरा आपटूनच ठेवला.

शनिवारी सकाळी ती सरांकडे गेली. शुक्रवारचा फोटो पाहून सर आधी हसले आणि म्हणाले की धूळ बरं का बाई, धूळ. तिने चित्रण दाखवलं. सर हसायचे थांबले. मग त्यांना आठवलं की रविवारी गुरू स्वच्छ होता, म्हणजे आघात सोमवार ते शुक्रवारमध्ये झाला, वा, केवढा मोठा शोध. ते उठून येरझाऱ्या घालू लागले. तेव्हा तिने सांगितलं की रविवारीही डाग होता आणि मी तो पुसला.

सर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण ते हळू आवाजात समजावू लागले. मंडळाला पंचवीस वर्षं झाली, आपला एकही फोटो आजवर कोणी खोटा म्हटलेला नाही. फोटो छापून भिंतीवर लागला, नोंदवहीत गेला. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? मूळ चित्रणही उरलेलं नाही, तेव्हा सिद्ध काही होणार नाही. उगाच आपली अब्रू चव्हाट्यावर कशाला?

"नोंदवहीत खोटं गेलंय, सर," ती म्हणाली.

"एका रात्रीचं, बाई. कोणाचं काय बिघडलं त्यात?"

"ते मला माहीत नाही. म्हणूनच ते काढायचं."

सरांनी हात जोडले. निदान प्रदर्शन होऊ द्या, म्हणाले, मग बघू. ती उठली. हे 'मग बघू' तिने स्टुडिओत हजार वेळा ऐकलं होतं आणि मग कोणी काही बघत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

रविवारी पाच वाजता हॉल भरला. दाराशी तिचा गुरू, दोन हात रुंद, काचेत. लोक त्याच्यासमोर उभं राहून आपले फोटो काढत होते. ग्रंथपालांनी उद्घाटनाचे चार शब्द बोलून पेन्सिलबाईचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या आणि तिला पुढे बोलावलं. ती पुढे आली, पण माइककडे न जाता भिंतीकडे गेली. नवरा दाराशीच उभा होता. दोघांनी मिळून फोटो खिळ्यावरून उतरवला आणि भिंतीला तोंड करून जमिनीवर ठेवला. मग ती माइकपाशी आली.

"हा फोटो खोटा आहे," ती म्हणाली. "त्या रात्री गुरूवर डाग होता. मला ती धूळ वाटली आणि मी तो पुसला. शुक्रवारी कळलं की तो धूळ नव्हता. मी फोटो परत घेतेय."

सर जमिनीकडे बघत होते. मुलगी मागच्या रांगेत होती, तिने तोंडावर हात ठेवला. शेवटी केमिस्ट उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, पण तीन वर्षं दुसरा येऊन कंटाळला होता.

"मग तुमच्या बाकीच्या फोटोंवर विश्वास कसा ठेवायचा?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. रात्रभर तिने तो स्वतःला विचारला होता. तिची मान खाली गेली नाही.

"ठेवू नका," ती म्हणाली. "आज पावणेनऊला तो डाग गुरूच्या मधोमध येणार आहे. आमच्या गच्चीवर या. दुर्बीण तुमची आणा, कॅमेरा तुमचा आणा. मी कशालाही हात लावणार नाही. नाही दिसला तर उद्यापासून मंडळात येणार नाही."

तेरा माणसं पाच मजले चढून आली. सेक्रेटरीही आले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आणि आभाळाने नेमकी त्याच वेळी खोडी काढली. पातळ ढगांची चादर सरकत आली आणि आठ वाजता गुरू नुसता पिवळा डाग झाला. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. कोणीतरी खाली जायची घाई करू लागलं. केमिस्ट आपली भारी दुर्बीण लावून वाट बघत होता, आणि पेन्सिलबाई हात मागे बांधून टाकीपाशी उभी होती. ती घाबरली होती. फटकळ माणसं घाबरत नाहीत असं लोकांना उगाच वाटतं.

आठ चाळीसला ढग फाटले. केमिस्ट वाकला. त्याने फोकस इकडे फिरवला, तिकडे फिरवला आणि मग तो अजिबात हलेना. मागच्या माणसाने खांद्याला हात लावला तरी हलेना. शेवटी सरळ झाला तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाला, "आहे. बरोबर मधोमध आहे." त्यानंतर सर वाकले. त्यांनी पाहायला इतका वेळ लावला की नवऱ्याला खालून स्टूल आणावं लागलं. स्टुलावर बसून सर पुन्हा पाहत राहिले, आणि उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं.

लोक गेल्यावर सर आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नोंदवहीसाठी पत्र लिहायला बसले. सरांनी लिहिलं की काही तांत्रिक कारणामुळे रविवारचा फोटो मागे घेत आहोत. तिने कागद आपल्याकडे ओढला, ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: डाग होता, मी सवयीने पुसला, मूळ चित्रण मी ठेवलेलं नाही. सर म्हणाले की एवढं उघडं लिहिलंत तर पहिल्या निरीक्षणाचा मान जाईल. ती म्हणाली की तो मी माझ्या हातानेच घालवलाय, आता त्याच्यासाठी रडायचं काय? पण सर गेल्यावर ती थोडी रडलीच. जगात सगळ्यांच्या आधी तिने तो डाग पाहिला असता आणि तिने पाहून तो पुसला होता. नवऱ्याने ऐकू येत नसल्यासारखं केलं.

तीन आठवड्यांनी नोंदवहीचं उत्तर आलं. तिची रविवारची नोंद धरता येत नाही, मूळ चित्रण नसल्यामुळे, असं त्यात सरळ लिहिलं होतं. पहिल्या निरीक्षणाचा मान कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका पोस्टमनला मिळाला होता. त्याने शनिवारी रात्री, म्हणजे तिच्याही एक दिवस आधी, छोट्याशा दुर्बिणीतून एक धूसर फोटो काढला होता आणि त्यात एक काळपट ठिपका होता. त्याने तो लगेच पाठवलाही होता. पण दुसऱ्याच दिवशीचा एक इतका स्वच्छ, इतका रेखीव फोटो नोंदवहीत होता की त्याचा ठिपका कोणी खरा मानला नाही. त्याचा फोटो बाजूला टाकला गेला. त्याच्या स्वतःच्या मंडळातही त्याला हसले. स्वच्छ फोटो मागे घेतल्यावर त्याचा फोटो पुन्हा बाहेर काढण्यात आला.

म्हणजे तो डाग सगळ्यांत आधी पाहणं तिच्या नशिबात कधी नव्हतंच. तिने पुसला होता तो दुसऱ्याच कोणाचा तरी होता. पेन्सिलबाईने ते पत्र चारदा वाचलं. कोणाचं काय बिघडलं, या सरांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या हातात होतं.

मंडळात मात्र आनंदीआनंद झाला. नवरा शेजाऱ्यांना सांगत सुटला की हिच्यामुळे एका गरीब पोस्टमनला न्याय मिळाला. सरांनी मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेसाठी दोन पानांचा लेख लिहिला आणि तो दाखवायला ते स्वतः घरी आले. शब्द सुंदर होते. आमच्या एका सभासदेच्या असामान्य प्रामाणिकपणामुळे दूरदेशीच्या एका उपेक्षित निरीक्षकाला त्याचं श्रेय मिळालं, अशी सुरुवात होती. पुसण्याचा उल्लेख दुसऱ्या पानावर, 'अनवधानाने झालेली किरकोळ त्रुटी' एवढाच.

पेन्सिलबाईने लेख वाचला आणि टेबलावर ठेवला.

"सर, त्या माणसाला खोटं कोणी ठरवलं?"

"अहो, पण पुढे तुम्हीच तर..."

"पुढचं नंतर. आधी कोणी ठरवलं?"

नवरा मधे पडला, म्हणाला की अगं, ते चांगलंच लिहितायत ना तुझ्याबद्दल. ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली की चांगलं लिहितायत हाच तर घोटाळा आहे, आयुष्यभर मी दुसऱ्यांचं चांगलंच केलं, भुवईवरचा व्रणसुद्धा ठेवला नाही कोणाच्या. आता माझा तरी असू दे.

"छापील राहतं ते, बाई," सर कळवळून म्हणाले. "तुमची नातवंडं वाचतील."

"वाचू देत."

सरांनी उसासा टाकला, लेख उलटा केला आणि खिशातून पेन काढलं. बरं, सुरुवात तुम्ही सांगा, म्हणाले. ती त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, शब्द खाली पडू नये अशी, अगदी खांद्याशी.

"लिहा. रविवारी रात्री गुरूवर डाग होता आणि तो मी पुसला. त्यामुळे ज्याने खरा फोटो काढला होता, त्याला सगळे हसले."

सरांनी लिहिलं. मग पेन वर उचलून त्यांनी विचारलं, 'मी' म्हणजे कोण, ते नाव घालायचं का.

"घाला," ती म्हणाली. "पूर्ण घाला."